सयाजी डुबलचा जबाब

आमच्या पिंपळओढ्यात फौजेत न गेलेला पहिला धडधाकट गडी म्हणजे सयाजी डुबल. घरटी एक वर्दी खुंटीला असायची. त्याचा बाप सुभेदार, आजा मेसोपोटेमियाला जाऊन आलेला. बापानं अठराव्या वर्षी त्याला भरतीला नेलं, रांगेत उभा केला, आणि हा पठ्ठ्या रांगेतनं निघून गेला तो थेट पुण्याच्या फ्लाइंग क्लबात. बाप दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मी नाथाजी, त्याच्याच वर्गातला. भरतीत छाती मापात भरली नाही, मग शेतकीचा डिप्लोमा करून साखर कारखान्यात ओव्हरसियर झालो. माझं तोंड फाटकं आहे आणि डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यात त्या तापट डोक्याचाही वाटा आहे.

एकाहत्तर साली उसावर पाकोळी पडली. पान हलवलं की किड्यांचा भुरकन् ढग उठायचा, पानं चिकट होऊन काळी पडायची. पाठीवर पंप घेऊन बारा फुटी उसात शिरणार कोण? मग कारखान्यानं फवारणीचं विमान ठरवलं. मलकापूरच्या पलीकडं कऱ्हाडची धावपट्टी आहे, तिथं ते उतरलं, आणि आतून बाहेर आला कोण, तर आमचा सयाजी. गावाला ते इतकं कौतुकाचं झालं, की सुभेदारसुद्धा फेटा बांधून बघायला आले आणि विमानाला एक चक्कर मारून न बोलता परत गेले.

फवारणीचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. वारा उठायच्या आत, सकाळी सहा ते नऊ, एवढाच वेळ. विमान उसाच्या शेंड्यावर आठ-दहा फुटांवरून जातं. कुठल्या पट्ट्यावर औषध पडलं आणि कुठला राहिला हे वरून कळत नाही, म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना बांधावर एकेक माणूस पांढरं निशाण घेऊन उभा करायचा. वैमानिक दोन्ही निशाणं एका रेषेत धरून येतो. विमान जवळ आलं की माणसानं निशाण आडवं करून खाली बसायचं, ते डोक्यावरून गेलं की वीस पावलं सरून पुन्हा उभं राहायचं. ही माणसं नेमायची, शेतांचा नकाशा काढायचा आणि वैमानिकाला तो समजावून द्यायचा, हे काम माझ्याकडं.

घोळ झाला तो आमच्याच गावात. ओढ्याकाठी तीस एकरांचा सलग तुकडा, जमीन खोलगट, आणि ऊस असा माजलेला की पलीकडच्या बांधावरचं निशाण सयाजीला दिसेना. त्याचे चुलते केरबातात्या गावच्या सासनकाठीचे मानकरी होते. जोतिबाच्या चैत्री यात्रेला आमच्याकडचं प्रत्येक गाव आपली सासनकाठी नेतं. तीस-पस्तीस फुटांचा वेळू, एकानं पेलायचा आणि चौघांनी दोर ताणून तोल सांभाळायचा. तात्यांनी विचारलं, काठीलाच निशाण बांधू काय? सयाजी हसला. म्हणाला, बांधा की, मग मला कडेगावावरनं दिसंल. तो चेष्टेत बोलला होता. तात्यांनी देवापुढं फूल लावून कौल घेतला, उजवं फूल पडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काठी बांधावर उभी. वर तात्यांचं धुतलेलं धोतर.

विमान आलं, पण तात्यांनी काठी आडवी केली नाही. करणारच नव्हते. एकदा देवळाबाहेर उभी केलेली सासनकाठी परत देवळात जाईपर्यंत आडवी होत नाही, ही आमच्या गावची रीत. इकडच्या टोकाला मी उभा होतो. सयाजीनं ऐन वेळेला विमान वर खेचलं आणि चाकं काठीच्या शेंड्यावरून हातभर अंतरानं गेली. बांधावर जमलेल्या गावानं चांगभलंचा गजर केला. विमानानं जोतिबाला सलामी दिली, असंच सगळ्यांना वाटलं. मी सायकल हाणत धावपट्टीवर गेलो आणि सयाजीला आईमाईवरून शिव्या दिल्या. तो घामानं निथळत होता आणि हसत होता. लय भारी वाटलं गड्या, एवढंच म्हणाला.

पुढची दोन वर्षं तेच. शेवटच्या फेरीला बायका आरतीची ताटं घेऊन बांधावर यायच्या.

चौऱ्याहत्तरला सयाजीला चष्मा लागला आणि डॉक्टरनं त्याचं उडणं बंद केलं. दुसरा कुणी खचला असता. त्यानं परीक्षा दिली आणि सरकारच्या विमान खात्यात तपासणी अधिकारी झाला, मुंबईला. आणि असा अधिकारी झाला की विचारू नका. एका धावपट्टीवर लोकांनी हळद वाळत घातलेली दिसली तर सगळी हळद उचलेपर्यंत उन्हात उभा राहिला. एका बोल्टला चीर दिसली म्हणून एक विमान आठवडाभर जागचं हलू दिलं नाही. ज्यानं काठीवरून उड्या मारल्या तोच आता कागदावर बोट ठेवायला लागला, म्हणून मी त्याची लय थट्टा करायचो. तो म्हणायचा, वर असताना आपण कुणाच्या जिवावर उडतोय ते कळत न्हाई. शहात्तर साली फवारणीचा नवा नियम निघाला, तो त्यानंच लिहिलेला. निशाणाची काठी दहा फुटांपेक्षा उंच नको, आणि विमान दिसलं की ती आडवी झालीच पाहिजे.

त्याच वर्षी तो तपासणीला आमच्या गावात आला. जीपमधून उतरतो तर बांधावर तात्या सासनकाठी घेऊन उभे, चार माणसं दोराला. सयाजीनं त्यांना बाजूला घेऊन नियम समजावला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काठी तूच मागितलीस. कौल देवानं दिलाय, तुझ्या खात्यानं न्हाई."

 सगळं गाव सयाजीच्या तोंडाकडं बघत होतं. मग त्यानं फॉर्म काढला, ‘दहा फुटांवरील अडथळे’ या रकान्यात ‘नाहीत’ असं लिहिलं आणि खाली सही केली. सरकारी नोकरीत त्यानं केलेली खोटी सही ती एकच. जीपमध्ये बसताना मला म्हणाला, नाथा, येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला काठीचं तू स्वतः तोंडी सांगायचं, चुकायचं न्हाई. मी हो म्हणालो. पुढच्या वर्षीच्या वैमानिकाला सांगितलंही.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात नवा वैमानिक आला. अर्जुना हुबाले, वय चोवीस. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला, बाप मेंढपाळ. शिष्यवृत्तीवर शिकून विमानापर्यंत पोचलेला. बोलायचा कमी आणि विचारायचा फार. त्या सकाळी धावपट्टीवर त्यानं माझा नकाशा पसरला आणि एकेका बांधावर बोट ठेवून निशाणांची उंची विचारायला लागला. मी म्हणालो, सगळं नियमात हाय. तो म्हणाला, साहेब, तेवढं लिहून सही करून द्या.

माझं डोकं फिरलं. वीस वर्षं शेतं मोजणाऱ्या माणसाकडं हे काल आलेलं पोर सही मागतंय. मी त्याला म्हणालो, तुझ्या बापानं मेंढरं मोजली नसतील तेवढी शेतं मी मोजलीत. चार माणसांसमोर म्हणालो. त्यानं मान खाली घातली, पण पेन पुढं धरलेलं मागं घेतलं नाही. मी रागारागात नकाशावर ‘सर्व निशाणे दहा फूट’ असं खरडलं, सही ठोकली, आणि काठीचं सांगितलंच नाही. विसरलो, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. विसरलो नव्हतो. एवढी मोठी काठी, दिसंलच की त्याला, जरा छाती धडधडू दे याची, असं मनात आलं होतं.

ओढ्यावर धुकं होतं. पांढऱ्या धुक्यात पांढरं धोतर. मी जीपनं गावात पोचलो तेव्हा विमान बाकीची शेतं उरकून ओढ्याकाठच्या तुकड्यावर पहिल्या फेरीला वळत होतं. मी धावलो, ओरडलो, दोन्ही हात हलवले. विमानाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? डावा पंख काठीला लागला, काडकन् आवाज आला, विमान कुशीवर वळलं आणि उसात गेलं. मग एकदम सगळं गप्प झालं. औषधाचा वास नाकात बसला. कोयत्यांनी ऊस तोडत आम्ही आत शिरलो. अर्जुना जिवंत होता. उसाच्या दाटीनं विमान झेललं म्हणून वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली चेचला होता. त्याला कारखान्याच्या जीपमधून मिरजेला धाडलं.

पोलीस पोचायच्या आत गावानं काय केलं ते सांगतो. काठीचे दोन तुकडे झाले होते, ते देवळात नेऊन दार लावलं. तात्यांच्या तळहाताची साल निघाली होती, त्यावर फडकं गुंडाळलं. बांधावर दहा फुटी बांबू आणून रोवला, त्याला निशाण बांधलं. तो बांबू मी आणला. आणि सगळ्यांचं एकच ठरलं, वैमानिक कच्चा होता, फार खाली आला आणि पडला.

चौकशीला मुंबईहून कोण येतंय म्हणून आमचा जीव टांगणीला लागला होता. आला सयाजी. गावानं सुटकेचा श्वास टाकला. घरचाच माणूस.

पहिल्या दिवशी तो उसात फिरला. पडलेल्या विमानाचा पंख हातानं चाचपला, फटीत अडकलेलं वेळूचं कुसळ चिमटीनं काढलं आणि पाकिटात ठेवलं.  मग जबाब सुरू झाले. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मलाच बसवलं. सोळा माणसांचे सोळा जबाब, सगळे सारखे, काठी नव्हती. तात्या म्हणाले, हात कोयत्यानं कापलाय. सयाजी त्यांच्या फडक्याकडं बघत राहिला आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं सरकवलं. सतरावा जबाब माझा. निशाणं दहा फुटी होती, वैमानिकाला सगळं समजावून सांगितलं होतं. माझ्याच हातानं लिहिला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. अर्जुनाचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. खाटेखाली त्याची आई हरणाबाई बसली होती, लेकाच्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. सयाजीनं त्याला काय आठवतंय ते विचारलं. तो म्हणाला, साहेब, मला काय दिसलंच न्हाई, माझीच चूक आसंल. मग हळूच विचारलं, लायसन जाईल न्हवं?  वैमानिकाची चूक ठरली की लायसन कायमचं गेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हरणाबाईनं गाठोडं सोडून घडी केलेला नकाशा सयाजीला दिला. पोराच्या शर्टात होता म्हणाली. त्यावर माझी सही.  सयाजीनं तो वाचला, माझ्याकडं न बघता पाकिटात ठेवला. तेवढ्यात बाई म्हणाली, "आवं, तुमी बी हितंच उडवत हुता म्हनं. तुमी आसता तर तुमाला दिसलं आसतं का?"

"दिसलं आसतं," सयाजी म्हणाला. "कारण मला ठावं हुतं."

आणि तो एकदम थांबला. चष्मा काढून पुसायला लागला, तो पुसतच राहिला.

परतीला जीपमध्ये मी तोंड उघडलं. गावाचं म्हणणं मांडलं. तात्या सत्तरीचे, त्यांना तुरुंगात घालणार काय? शहात्तरच्या फॉर्मवर तुझी सही, तुझी नोकरी जाईल. काठीचं सांगायचं मी विसरलो, माझीही जाईल. वैमानिकाची चूक लिही, पोरगं तरणं आहे, काहीही करून खाईल. तासगाव मागं पडलं. मग त्यानं विचारलं, लायसन गेलं तर काय करंल तो? मी म्हणालो, मेंढरं राखंल, बाप राखतोच की. सयाजीनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरला आणि म्हणाला, तू जा पुढं. मधल्या वाटेला एसटी पकडून तो दिवस मावळताना गावात पोचला. जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना देवळापुढच्या पारावर बोलावलं. मला म्हणाला, कोरा कागद घे, एक जबाब राहिलाय. मी विचारलं, कुणाचा? म्हणाला, माझा.

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. एकाहत्तर साली काठी आपणच मागितली. तिच्यावरून विमान नेताना आपल्याला मजा वाटायची, म्हणून कधी कुणाला थांबवलं नाही. नियम आपणच लिहिला आणि आपल्याच गावात आपणच मोडला. घरच्या माणसापुढं तोंड उघडलं नाही आणि खोटी सही केली. इथं त्यानं पाणी मागवलं, प्यायला आणि पुढं म्हणाला, "लिही. नकाशावर नाथाजींनी दहा फूट लिहिलं ते माझ्या शहात्तरच्या सहीवर विसंबून. काठीचं तोंडी सांगत जा असं मी त्यांना म्हणालो, ही माझी आणखी एक चूक. जे कागदावर घालायची माझी छाती झाली न्हाई, ते दुसऱ्यानं तोंडानं सांगावं असं मी धरून चाललो."

माझा हात थांबला. हे खरं नव्हतं. त्याला वाटत होतं मी विसरलो, आणि ते विसरणंसुद्धा तो स्वतःच्या अंगावर घेत होता. मी मान वर केली. तो वाट बघत होता. मी खाली बघून लिहून टाकलं.

 मग केरबातात्या उठले. देवळाचं दार उघडलं आणि काठीचे दोन्ही तुकडे उराशी धरून बाहेर आले. हातावरचं फडकं सोडलं, सोललेला तळवा सयाजीपुढं धरला. "मला आडवी करता आली न्हाई रं," म्हणाले, आणि म्हातारा लहान पोरागत रडायला लागला. सयाजीनं उठून त्यांचा तो हात दोन्ही हातांत घेतला. तात्यांनी नवा जबाब दिला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, पण आपापले जबाब कुणी परत मागितले नाहीत.

शेवटी सयाजीनं माझा जबाब फायलीतून काढून माझ्यापुढं धरला.

"नाथा, हा तुझा. बदलायचा हाय?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी विसरलो नव्हतो, मी सांगितलं नाही. मी म्हणालो, न्हाई.

त्यानं तो जबाब फाडला नाही, की माझ्यावर चिडला नाही. होता तसा फायलीत लावला. मग सगळ्यांना सांगितलं, की आता तो साक्षीदार झाला, पुढची चौकशी दुसरा अधिकारी करेल.

दुसरा अधिकारी आला, चार दिवस राहिला. अर्जुनावर ठपका आला नाही. पाय जरा आखूड राहिला, पण लायसन वाचलं आणि डॉक्टरनं पास केल्यावर तो पुन्हा उडायला लागला. तात्यांना वयाकडं बघून समज देऊन सोडलं. सयाजीला तपासणीवरून काढलं आणि मुंबईतच एका खोलीत जुन्या फायली लावायला बसवलं. बढती बंद. मला काही झालं नाही. सयाजीच्या जबाबानं मला सोडवलं होतं.

तात्या त्या हिवाळ्यात गेले. एकोणऐंशीच्या चैत्रात गावानं नवा वेळू आणला. काठीचा पुढचा दोर धरायचा मान पिढ्यान् पिढ्या डुबलांचा. सयाजी त्यासाठी रजा काढून आला होता, धोतर नेसून पारापुढं उभा होता. पंचांनी त्याचं नाव घेतलं नाही. देवाची काठी त्यानं सरकारच्या कागदात गुन्हेगार म्हणून लिहिली, असं गाव सहा महिने धुमसत होतं. पंच म्हणाले, नाथाजीनं गावाचा शब्द राखला, दोर नाथाजीला द्या.

मी सयाजीकडं बघितलं. त्यानं काठीला हात जोडले, चपला काढून देवळाच्या पायरीशी ठेवल्या आणि मागं बायकापोरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.  बोलायला हवं होतं ते मी. माझ्या छातीत धडधडत होतं, शब्द ओठापर्यंत आले होते.

मी दोर धरला. जोतिबाच्या डोंगरापर्यंत तीन दिवसांची चाल. वारा सुटला की काठी ओढायची आणि दोर तळहाताला चटके द्यायचा. सयाजी मागं अनवाणी चालत होता. तीन दिवसांत मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.